परत मागवलेल्या वाट्या

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही मला एक फोटो पाठवलात. तुमची सकाळची दूध-कॉर्नफ्लेक्सची वाटी, रिकामी करून आडवी धरलेली, आणि तिच्या काठाखालची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. खाली धाकटीने विचारलं होतं, 'आजी, आत्याचं नाव आमच्या वाटीवर का आहे? आणि आत्या मॅनेजर कधी होती?'

तुमच्या तिकडच्या रविवारच्या मराठी वर्गाचं मला कौतुक वाटलं. पण पुस्तकाबाहेरची, स्वतःहून वाचलेली पहिली मराठी अक्षरं नेमकी ही निघावीत, याची गंमतही वाटली. तुमच्या बाबाने फोनवर 'जुनी गोष्ट आहे, सोडा' म्हणून विषय बंद केला. तो तेव्हाही तिकडेच होता, आणि इतक्या लांबून बऱ्याच गोष्टी सोडून देण्यासारख्या दिसतात. मी इथे होते. म्हणून मी लिहिते आहे. आत्याला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नकोस." तशी ती करता येण्यासारखी नाहीच, हे तुम्हाला पुढे कळेल.

आधी थोडी माहिती देते, म्हणजे मध्ये थांबून बाबाला विचारावं लागणार नाही. भाईंदरजवळच्या राई गावाबाहेर तुमच्या आजोबांच्या घराण्याची भातशेती होती आणि खाडीकडच्या मिठागरात वाटा होता. आता शेताच्या जागी इमारत आहे आणि आम्ही शेताच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी या घरची नव्हे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि नोकरी विमा कार्यालयात, इंग्रजी पत्रं लिहिण्याची. लोकांना नाही म्हणणारी कितीतरी पत्रं मी आयुष्यात लिहिली. त्यामुळे नाही कसं म्हणावं याबद्दल मला थोडं कळतं, असा माझा समज आहे.

आत्या भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात होती. तिथे एकाला एक चिकटून गाळे आहेत. एकात पातेली, दुसऱ्यात डबे, तिसऱ्यात नुसती झाकणं. दिवसभर पत्रा ठोकल्याचा आणि पॉलिशच्या मशीनचा आवाज. आत्याकडे माल पाठवण्याचं काम होतं. कुठल्या गावच्या दुकानदाराला कुठला माल, कुठल्या टेम्पोतून, आधी कोणाचा चढवायचा आणि नंतर कोणाचा. हे काम ती कॉलेज संपल्यापासून करत होती. सेठ तिला 'बेन' म्हणायचा, दिवाळीला सुक्यामेव्याचा डबा द्यायचा आणि पगारवाढीचा विषय निघाला की त्याला फोन यायचा.

मग तिला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलं. ही कंपनी स्वयंपाकघरातल्या वस्तू विकते आणि बनवत काहीच नाही. काचेचं ऑफिस, पाहुण्यांना प्यायला तीन प्रकारचं पाणी. मुलाखती तीन झाल्या. पहिलीत विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता? ती म्हणाली, "भाईंदरला." दुसरीत विचारलं, तुम्ही एखादं भांडं असता तर कुठलं असता? हे प्रश्न विचारायला माणसांना पगार मिळतो, हे लक्षात ठेवा. आत्या म्हणाली, "झाकण. ते सगळ्यांना लागतं आणि पहिलं तेच हरवतं." त्या लोकांना हे फार खोल वाटलं म्हणे. सगळ्यांनी लिहून घेतलं. तिसऱ्या मुलाखतीत फक्त हसले आणि हात मिळवले.

नेमणुकीचं पत्र आलं. मी ते चष्मा पुसून वाचलं. एक स्वल्पविराम चुकला होता, बाकी ठीक होतं. तिच्या नावाने होतं, पद मॅनेजरचं होतं, खाली सही होती, रुजू होण्याचा सोमवार ठरवून दिला होता. आत्याने सेठकडे राजीनामा दिला, महिनाभर काम केलं, आणि त्या महिन्यात सेठच्या भाच्याला आपलं काम शिकवलं. भाचा चांगला मुलगा होता. फक्त त्याला काम आवडत नव्हतं.

आता वाट्या.

आपल्या घराण्यात भांडं वाटल्याशिवाय आनंदाची गोष्ट झाली असं कोणी धरत नाही. हळद असो, बारसं असो, नवीन घर असो. पाहुणा जाताना त्याच्या हातात नाव घातलेलं स्टीलचं काहीतरी पडलं पाहिजे. मी लग्न होऊन आले तेव्हा मांडणीवर एवढी नावं होती की मला वाटलं हे गावाचं वाचनालय आहे. आणि या खात्याच्या मंत्री म्हणजे तुमची आत्याआजी, माझी थोरली नणंद. नोकरीचं कळल्याबरोबर ती राईतून चालत आमच्याकडे आली आणि पाय न धुताच म्हणाली, "वाट्या करू."

मी म्हटलं, "ताई, तिला रुजू तर होऊ दे."

"कागूद आला हाय ना?"

"आलाय."

"तूच वाचलास ना गो? विंग्रजी तुला येतं. मंग? तुझ्या विंग्रजीवर तुझाच भरवसा न्हाय?"

गाळ्यातल्या कामगारांना कळलं तेव्हा तर ते हट्टालाच पेटले. उरलेल्या पत्र्यातून त्यांनी वाट्या काढल्या, आरशासारखं पॉलिश मारलं, आणि नाव घालणाऱ्या मशीनवर आत्याचं नाव, त्याखाली 'मॅनेजर' आणि त्याखाली 'नवीन नोकरीनिमित्त सप्रेम भेट' असं घातलं. मजकूर आत्याआजीने सांगितला होता. मी 'मॅनेजर' काढा म्हणत होते, ती ते मोठ्या अक्षरात घाला म्हणत होती. शेवटच्या आठवड्यात राईतल्या सगळ्या भावकीत, काशीगावच्या नातलगांकडे, तारोडीच्या मावशीकडे वाट्या पोचल्या. सेठच्या टेबलावरही एक गेली. त्या दिवशी गाळ्यात समोसे झाले आणि सेठने भाषण केलं, की बेन गेल्यावर आपला उजवा हात गेल्यासारखं वाटेल. डावा हात, म्हणजे भाचा, शेजारी उभा राहून मोबाइल बघत होता.

शनिवारी दुपारी आत्या सोमवारचे कपडे इस्त्री करत असताना फोन आला. तिने स्पीकरवर टाकला, कारण हातात इस्त्री होती. एका मुलीचा आवाज. विमानतळावर सूचना देतात ना, तसा. गोड आणि कोणालाच उद्देशून नसलेला.

"हाय मॅम, इज धिस अ गुड टाइम टु टॉक?"

आत्या म्हणाली, "बोला."

मग 'अनफॉर्च्युनेटली' आलं. हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला की पुढचं ऐकायची गरज नसते, हे मी तुम्हाला माझ्या नोकरीच्या अनुभवावरून सांगते. कंपनीच्या गरजा बदलल्या होत्या. ती जागाच आता राहिली नव्हती.

"शनिवारी दुपारी बदलल्या?" आत्याने विचारलं.

"आय कंप्लीटली अंडरस्टँड, मॅम."

"तुम्ही काय अंडरस्टँड केलंत? मी राजीनामा दिलाय."

"राइट. सो आम्ही तुमचा रेझ्युमे फाइलवर ठेवू, मॅम."

"त्याच फाइलवर का, ज्यात झाकणाचं लिहून घेतलंय?"

ती मुलगी गडबडली. तिच्या कागदावर या प्रश्नाचं उत्तर नसणार. "हॅव अ ग्रेट वीकेंड, मॅम," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी पत्र आलं. मी ते वाचलं आणि खरं सांगते, मला पहिला राग इंग्रजीचाच आला. तीन मुलाखतींत तिचं नाव घेणाऱ्या, नेमणुकीच्या पत्रात तिच्या नावाचं स्पेलिंग बिनचूक लिहिणाऱ्या लोकांनी या पत्रात तिला 'प्रिय उमेदवार' म्हटलं होतं. खाली कोणाची सही नव्हती, नुसतं 'टीम'. टीमने तिला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या होत्या. विमा कार्यालयात आम्ही ज्यांचे दावे फेटाळायचो त्यांनाही नावाने लिहायचो, आणि खाली सही करायचो. ज्याला नाही म्हणता त्याला तुमचं नाव तरी कळावं, एवढी लाज आम्हाला होती. सरकारी कार्यालय होतं, मागासलेलं होतं.

दुपारी फोनवरचं सगळं तुमच्या आजोबांनी ऐकून घेतलं, उठून इस्त्रीचं बटण बंद केलं आणि पुन्हा खुर्चीत बसले. त्या दिवसात घरात झालेलं तेवढंच एक उपयोगी काम.

आता आत्याची परिस्थिती नीट समजून घ्या. जुनी नोकरी सोडली होती, तिथे भाचा बसला होता. नवी जन्मायच्या आधीच गेली होती. वय असं, की मुलाखतीत 'एवढा अनुभव आहे' म्हणतात आणि मनात 'एवढं वय आहे' मोजतात. आणि राईपासून तारोडीपर्यंत घराघरांतल्या मांडणीवर तिची मॅनेजरकी चकाकत होती. सोमवारी ती उठलीच नाही. मंगळवारीही जेवायला बाहेर आली आणि परत आत गेली. दार लावून घेतलं नाही, पण लोटून घेतलं. खालच्या वाण्याकडेही जायला तयार नाही.

मग लोक येऊ लागले. कोणी गेल्यावर भेटायला येतात तसे. हातात केळी, बिस्किटाचा पुडा, आवाज खाली. सोफ्यावर बसायचे, आत्याच्या दाराकडे बघायचे आणि मला विचारायचे, "जेवते का?" आमच्या मजल्यावरची एक बाई तर डोळे पुसत म्हणाली, "आंटी, भगवान ने कुछ सोच के ही किया होगा."

मी म्हटलं, "भगवान का इसमें कुछ नहीं है, एच आर ने किया है."

ती जाताना केळी ठेवून गेली. केळी चांगली होती.

पण मला मुख्य काटा बोचत होता तो वाट्यांचा. कंपनीने पत्र परत घेतलं ते घेतलं. आपण आपला मजकूर परत घ्यावा, असं मी ठरवलं. पॉलिशच्या मशीनवर अक्षरं निघतात. गाळ्यातल्या कामगारांनी हे काम आनंदाने केलं असतं. तेव्हा भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी नीट मराठीत संदेश लिहिला: 'वाट्यांवरील मजकुरात बदल झाला असल्याने सर्वांनी आपापली वाटी कृपया परत पाठवावी. पॉलिश करून पुन्हा पोचत्या करण्यात येतील.' माझ्या मते यात काही कमी नव्हतं. ऑफिसात असं पत्र गेलं की वस्तू यायच्या, नोंद व्हायची, विषय संपायचा.

पहिली वाटी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तिच्यात तांदूळ होते.

पाठोपाठ साखर आली. मग एकीत तूरडाळ. तारोडीहून मावशीने सुकवलेले बोंबील तोडून, दाबून भरले होते. राईतल्या एका चुलत जावेने मीठ पाठवलं, जाडं, करडं. मिठागर बंद पडायच्या आधी घरात साठवलेल्यातलं, जे ती कोणालाही हात लावू देत नाही. एका वाटीत नुसती एक लवंग होती. त्या घरात तेव्हा तेवढंच हाताशी असावं.

तुम्हाला तिकडे हे माहीत नसेल. आपल्यात कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालतात. हे मला माहीत नव्हतं असं नाही, माझा जन्म या घरात गेला आहे. पण मी भांडी परत मागवली होती; परत मागवलेल्या वस्तूला हा नियम लागेल, असं माझ्या ऑफिसच्या डोक्यात आलंच नाही. त्यांच्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. कोणालाही विचारून, ठरवून केलेलं नव्हतं ते.

शेवटी आत्याआजी स्वतः आली. पदराखालून वाटी काढली. सुका जवळा होता. सगळ्या घरात वास.

"ताई, मी पॉलिश करायला मागवल्या होत्या."

"हां. घे ना मंग."

"यात जवळा आहे."

"मंग रिकामी आणू? येडी झालीस काय गो?" मग ओट्यावरची रांग बघून तिने गालावर हात ठेवला. "आता या सगळ्यांना तू रिकाम्या धाडशील परत?"

नाही धाडता येणार, हे मला तेव्हा कळलं. पॉलिश करायची तर वाट्या रिकाम्या करायच्या, आणि परत पाठवायच्या तर पुन्हा भरायच्या. म्हणजे प्रत्येक घरी काहीतरी करून पाठवायचं. मी ओट्याजवळ उभी राहून, आलेल्या क्रमाने वाट्या लावू लागले.

तेवढ्यात आत्या बाहेर आली. तीन-चार दिवसांचे न विंचरलेले केस, ढगळ गाऊन. जवळ्याच्या वासाने उठली असावी. तिने ओटा पाहिला आणि तिच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता रडेल.

"आई, हे असं कसं लावलंयस?"

"आल्या तशा."

"आल्या तशा? काशीगावच्या राईच्या रांगेत, तारोडीचे बोंबील साखरेशेजारी. हे परत कोण नेणार आहे? एका बाजूने निघायला नको का?" आणि तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली. "सर."

मी सरले. आत्याआजीने माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि खुर्ची ओढून बसली.

आत्याने वाट्या गावांप्रमाणे लावल्या, मग गावातल्या गल्ल्यांप्रमाणे. जिन्नस डब्यांत काढून ठेवले. मी म्हटलं, "आता गाळ्यावर पाठवू पॉलिशला."

"कशाला?"

"अक्षरं नको का काढायला?"

"का काढायची?" ती वाटी पुसत होती. "मी खोटं लिहून घेतलं होतं का? त्यांनी दिलं होतं ते लिहिलं. पुसायचं तर त्यांनी पुसावं. त्यांना इथे पाठव, मी मशीन चालू करून देते."

"बरोब्बर," आत्याआजी म्हणाली. "आणि नोकरी न्हाय तर न्हाय. वाटी तर हाय."

"तुम्ही तर बोलूच नका, ताईआत्या. 'मॅनेजर' मोठ्या अक्षरात घाला कोण म्हणालं होतं?"

"दिसायला नको काय? माझे डोळे काय तरुण हायत?"

आणि आत्या हसली. फार नाही. नाकातून हवा सोडल्यासारखी.

मी शंकरपाळे तळले. दोन दिवस तेच करत होते. आत्याने न्हाऊन, सोमवारसाठी इस्त्री केलेलाच ड्रेस घातला आणि रिक्षा ठरवून वाट्या पोचवायला निघाली. मी म्हटलं, कोणाच्या तरी हाती पाठवू. ती म्हणाली, "माल पाठवायचं काम माझं आहे. दुसऱ्याच्या हाती पाठवला की चुकतो." मला दुसरं कारणही दिसत होतं. लोकांनी येऊन विचारण्यापेक्षा आपणच जाऊन सांगावं, असं तिने ठरवलं होतं.

तिने प्रत्येक घरी तेच वाक्य सांगितलं: "त्यांनी नोकरी दिली आणि मग परत घेतली." त्यात 'अनफॉर्च्युनेटली' नव्हतं. बहुतेक घरांत चहा मिळाला, दोन घरांत कंपनीला मनमोकळ्या शिव्या मिळाल्या, त्या तिने मला घरी येऊन जशाच्या तशा म्हणून दाखवल्या. त्या मी इथे लिहीत नाही, तुमचा वर्ग अजून तिथवर पोचला नसेल. काशीगावला मात्र एक काकी आहेत. त्यांनी वाटीतले शंकरपाळे खात खात विचारलं, "तुझंच काहीतरी चुकलं असणार. उगीच कोणी असं करतं का?"

"हो काकी, चुकलंच. मी त्यांचं खरं मानलं."

काकींनी आणखी एक शंकरपाळा घेतला आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. शंकरपाळ्यात मीठ बेताचंच असतं, पण ते असो.

सेठची वाटी मात्र आली नव्हती. तो आमच्या ग्रुपवर नव्हता. सगळ्या वाट्या पोचवून झाल्यावर आत्या गाळ्यावर गेली. आत्याआजीने बजावलं होतं, "सेठला जरा गोड बोल, हात जोड, ठेवील परत."

तिच्या टेबलावर भाचा बसला होता. सेठला दिलेली वाटी आता तिथे होती, टाचण्या आणि रबरबँडनी भरलेली. काठाखाली तिचं नाव तसंच दिसत होतं. सेठने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. पुढचं संभाषण तिने मला सांगितलं तसं देते.

"बेन, मैंने सुना. बहुत खराब लगा. लेकिन अब भाणियो बैठ गया है ना."

"तो?"

"तो तुम आ जाओ. उसके नीचे. छह-आठ महीना देखते हैं."

"सेठ, उसको काम किसने सिखाया?"

"तुमने ही तो."

"तो नीचे कौन बैठेगा?"

सेठ हसला, मग त्याने इकडेतिकडे बघितलं. "देखो बेन, फेअरवेल हो गया, सबने समोसा खा लिया. अब वापस उसी कुर्सी पर कैसे बिठाऊँ? अच्छा नहीं लगता."

समोशाची एवढी ताकद असते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. वर्षानुवर्षांचं काम एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एक समोसा, आणि समोसा जड भरला. त्याच्या भाषणातल्या उजव्या हाताचं काय झालं, ते आत्याने विचारलं नाही. तिने वाटी उचलली, टाचण्या भाच्यापुढे टेबलावर ओतल्या आणि म्हणाली, "हे तुझं सामान." आणि निघाली.

तेव्हा आपल्या भावकीबाहेर गेलेली ती वाटी तेवढी एकटी रिकामी परत आली.

शेजारचा गाळा झाकणांचा. त्याचे मालक रत्नागिरीकडचे, मोजकं बोलणारे. त्यांच्याकडे चार-पाच माणसं, आणि दारात कायम झाकणांचे ढीग. आत्या जाताना त्यांनी हाक मारली.

"काय ताई, रुजू नाही झालात?"

"त्यांनी परत घेतली नोकरी."

"असं होय." त्यांनी कानावर ठेवलेली पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "आणि इकडे?"

"इकडे समोसा खाऊन झालाय म्हणतात."

ते हसले नाहीत. "माझ्याकडे माल पाठवायला कोणी नाही. मीच करतो. नागपूरचा माल नाशिकला जातो. उद्या येता का?"

"कुठल्या खुर्चीवर?"

"खुर्ची एकच आहे. ती घ्या. मला बसायला वेळ नसतो."

आत्या म्हणाली, "येते." मग त्यांची नजर तिच्या हातातल्या रिकाम्या वाटीवर गेली. "ही अशीच नेताय?" त्यांनी ढिगात हात घातला, एक झाकण काढलं, बसवून पाहिलं, नाही बसलं. दुसरं काढलं. तेही सैल. तिसरं टक्कन बसलं. "हं. आता न्या."

घरी आल्यावर तिने हे सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, चला, झालं. मी म्हटलं, "काही झालेलं नाही. पत्र घेतलंस का?"

"आई! त्यांनी शब्द दिलाय."

"आधीच्यांनीही दिला होता. पत्र घे."

तिने कपाळावर हात मारला, पण गेली, आणि त्या भल्या माणसाने एका रात्रीत इंग्रजीत नेमणुकीचं पत्र तयार करून पाठवलं. त्यात चुका इतक्या होत्या की मी लाल पेन घेतलं. 'अपॉइंटमेंट'चं स्पेलिंग दोन ठिकाणी दोन तऱ्हांचं होतं आणि दोन्ही चूक. पण वर तिचं नाव होतं आणि खाली त्यांची स्वतःची सही. मी दुरुस्त करून परत पाठवलं, त्यांनी स्वच्छ टाइप करून पुन्हा सही केली आणि निरोप धाडला, की तुमच्या आईंनाही पाहिजे तर ठेवून घेतो. मी नको म्हटलं. माझं इंग्रजी झाकणांवर खर्च करायला मी अजून एवढी रिकामी नाही.

पुढे पावसाळा संपताना त्या काचेच्या कंपनीकडून आत्याला एक मेल आला. आमच्यासोबतचा तुमचा अनुभव कसा होता, कृपया तारे द्या. एक ते पाच. खाली अभिप्रायासाठी एक लहानसा चौकोन. आत्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "तूच लिही. तुझ्या हाताला खाज आली असेल." मी चौकोनात मावेल एवढंच लिहिलं: 'आपल्या पत्रात तिचं नाव आणि आपली सही राहून गेली आहे.' इंग्रजीत, अर्थात, आणि स्वल्पविराम जागच्या जागी ठेवून. त्यावर लगेच उत्तर आलं, 'तुमच्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार.' ते बहुधा मशीनने दिलं असणार. शनिवारचा फोनही मशीननेच केला असता तर त्या मुलीचा तरी त्रास वाचला असता.

सेठचा भाचा दिवाळीनंतर काम सोडून मोबाइल कव्हर विकायला लागला. सेठने आत्याला निरोप पाठवला. ती गेली नाही. सेठ अजूनही दिसला की 'बेन' म्हणून हाक मारतो आणि तीही हसून हात करते. गाळे शेजारी आहेत, तोंड कुठे लपवणार? त्याने, म्हणजे.

तुमचा बाबा त्या वर्षी डिसेंबरात आला होता. जाताना त्याने सामानात दोन-चार भांडी टाकली आणि त्यात ती वाटीही गेली. भावकीतली कुठलीही नाही, सेठच्या गाळ्यावरून आलेली तीच. त्याला फरक माहीत नव्हता. झाकण घ्यायला तो विसरला.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: आत्या मॅनेजर एकही दिवस नव्हती. ती अजून झाकणांच्या गाळ्यात जाते, एकच खुर्ची आहे ती तिची आहे, आणि नागपूरचा माल नागपूरला पोचतो. बाकी वाट्या राईत, काशीगावात आणि तारोडीत रोजच्या वापरात आहेत. मी कुठेही गेले तरी चिवडा त्यातच येतो. अक्षरं अजून वाचता येतात. तुमच्या वाटीचं झाकण माझ्याकडे आहे, ओट्याच्या खालच्या खणात, डाव्या बाजूला.